पटकीचें विष : घडण आणि करणी

महाराष्ट्रांतील जुन्या पिढ्यांना पटकी हें नांव उच्चारण्याचाही धाक वाटत असे. कोणी तिला महामारी म्हणत, कोणी जरीमरी म्हणत; आणि वेशीबाहेर मरीआईचें ठाणें नाहीं असें खेडें देशावर क्वचितच आढळे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरास माणसांची अलोट गर्दी लोटे, आणि यात्रा पांगली म्हणजे कित्येकदां ही व्याधि वाटेवरच्या गांवांत उतरे. सकाळीं शेतावर गेलेला धडधाकट मनुष्य दुपारीं अंथरुणाला खिळे. दिवस मावळण्यापूर्वीं त्याचे डोळे खोल जात, गालफडें बसत, हातापायांस गोळे येत, आवाज खोल जाई आणि नाडी हातीं लागेनाशी होई. विशेष हें कीं, रोग्यास ताप बहुधा नसे, आणि पुष्कळदां शेवटच्या घटकेपर्यंत तो शुद्धीवर असे. इतक्या थोड्या वेळांत एवढा मोठा घात करणारें शस्त्र तें कोणतें, हा प्रश्न विचारी मनुष्यास पडल्यावांचून राहत नसे.

त्या प्रश्नाचें उत्तर आज हातीं आलें आहे. तें शस्त्र म्हणजे एका सूक्ष्म जंतूनें तयार केलेला प्रथिनाचा एक रेणु होय. या रेणूंत कोणता अणु कोठें आहे तें ठाऊक झालें आहे. तो मनुष्याच्या पेशींत कोणत्या वाटेनें शिरतो आणि तेथें जाऊन काय करतो हेंही ठाऊक झालें आहे. ही हकीकत ऐकण्याजोगी आहे, ती केवळ कुतूहल म्हणून नव्हे. या विषाला काय करतां येतें हें कळतां कळतां, त्याला काय करतां येत नाहीं हेंही कळून चुकलें. आणि या दुसऱ्या ज्ञानानेंच जगांत लक्षावधि जीव वांचले.

पटकीचा जंतु स्वल्पविरामासारखा वांकडा असून एका शेपटीच्या जोरावर पाण्यांत चपळाईनें पोहतो. इटलींतील फिलिप्पो पाचिनी यांनीं १८५४ सालीं फ्लॉरेन्स येथें पटकीनें मेलेल्या रोग्यांच्या आंतड्यांत तो पाहिला व त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. परंतु तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. त्याच वर्षीं लंडन शहरांत जॉन स्नो या डॉक्टरांनीं ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्यानें साथ पसरत असल्याचें दाखवून दिलें. पुढें जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे १८८३ सालीं प्रथम मिसर देशांत आणि तेथून कलकत्त्यास आले, आणि १८८४ च्या आरंभीं त्यांनीं हा जंतु इतर जंतूंपासून वेगळा करून दाखविला.

जंतु सांपडला, पण कोडें सुटलें नाहीं. उलट तें अधिकच गहन झालें. हा जंतु आंतड्याच्या अस्तरावर वस्ती करतो. भिंत फोडून तो शरीरांत शिरत नाहीं, आणि रक्तांत तो आढळत नाहीं. दाराबाहेर उभा असलेला चोर घरांतील सर्व द्रव्य कसें नेतो? कॉख यांनीं असें अनुमान केलें कीं, हा जंतु कांहींतरी विष निर्माण करीत असला पाहिजे.

अनुमान खरें होतें. पण तें सिद्ध होण्यास पाऊणशें वर्षें लागलीं. याचें कारण समजण्यासारखें आहे. घटसर्पाचा जंतु घशांत राहतो, पण त्याचें विष रक्तावाटें हृदयापर्यंत जातें. धनुर्वाताचा जंतु जखमेंत राहतो, पण त्याचें विष मज्जातंतूंपर्यंत पोहोंचतें. हीं उदाहरणें डोळ्यांपुढें असल्यामुळें पटकीचें विषही तसेंच रक्तांतून काम करीत असणार, असें पंडितांनीं गृहीत धरलें. त्यांनीं जंतूंचा अर्क जनावरांच्या शिरांत आणि पोटाच्या पोकळींत टोंचून पाहिला. जनावरें मेलींही, पण तीं पटकीनें मेलीं नाहींत. मेलेल्या जंतूंच्या शरीरांत असलेल्या एका निराळ्याच विषानें तीं मेलीं. तांदळाच्या धुवणासारखे जे जुलाब ही पटकीची खूण, ते त्यांना झालेच नाहींत. प्रयोग करणारांची मेहनत खरी होती. त्यांनीं शोधाची जागा मात्र चुकीची धरली होती.

जागा बदलण्याचें श्रेय कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचें. बंगालच्या हुगळी जिल्ह्यांतील गरीबाटी या खेड्यांत १९१५ सालीं त्यांचा जन्म झाला. कलकत्त्यास वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते लंडनला गेले आणि तेथें संशोधनाची पदवी मिळवून परत कलकत्त्यास आले. जो रोग आंतड्यांत होतो त्याचें विष आंतड्यांतच तपासावें, असा सरळ विचार त्यांनीं केला. सशाच्या लहान आंतड्याचा एक तुकडा त्यांनीं दोन्ही टोंकांस दोऱ्यानें बांधला. आंतडें शरीरांतच राही, त्याचा रक्तपुरवठाही चालू राही; फक्त तेवढ्या भागाची एक बंद पिशवी होई. या पिशवींत त्यांनीं जंतु टोंचले. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों ती पिशवी पाण्यानें तट्ट फुगलेली! हा प्रयोग १९५३ सालीं प्रसिद्ध झाला.

नंतर त्यांनीं पुढचें पाऊल टाकलें. ज्या द्रवांत जंतु वाढविले होते तो द्रव त्यांनीं अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या गाळणींतून गाळला. जंतु वर राहिले, निर्जंतुक द्रव खालीं आला. हा नुसता द्रव सशाच्या बांधलेल्या आंतड्यांत टोंचला, तरीही आंतडें पाण्यानें फुगलें. जंतु नसतांना रोगाची खूण उमटली, यावरून रोगाचें कारण जंतूनें बाहेर टाकलेल्या पदार्थांत आहे हें सिद्ध झालें. डे यांचा हा निबंध १९५९ च्या मे महिन्यांत ‘नेचर’ या इंग्रजी नियतकालिकांत छापला गेला. मुंबईकरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्याच वर्षीं परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें एन्. के. दत्त, एम्. व्ही. पानसे आणि डी. आर्. कुलकर्णी यांनीं सशाच्या लहान पिलांवर प्रयोग करून जंतूंपासून काढलेल्या विषानें अतिसार होतो असें दाखविलें. प्रयोगाची रीति निराळी, निर्णय एकच.

मग हें विष शुद्ध करण्याचा उद्योग सुरू झाला. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतीं रिचर्ड फिंकेल्स्टीन व जोसेफ लोस्पालुटो यांनीं १९६९ सालीं तें शुद्ध स्वरूपांत मिळविलें. तें प्रथिन असल्याचें ठरलें, आणि त्याच्या घडणीचा अभ्यास करणें शक्य झालें. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओंवून केलेली माळ. मात्र ही माळ सैल पडून राहत नाहीं. मण्यांच्या परस्पर ओढीनें ती विशिष्ट तऱ्हेनें दुमडते आणि तिला ठरीव आकार येतो. तो आकार डोळ्यांना दिसणें शक्य नसतें. म्हणून प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडतात, आणि किरण कसे विखुरतात यावरून गणितानें अणूंच्या जागा काढतात. प्रथम १९९१ सालीं हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथें आंतड्यांतीलच दुसऱ्या एका जंतूच्या विषाची घडण या रीतीनें उलगडली. हें विष पटकीच्या विषाचें जणूं सख्खें भावंड आहे. पुढें १९९५ सालीं खुद्द पटकीच्या विषाचीही घडण प्रसिद्ध झाली.

या रेणूची कल्पना यावयाची तर पालखीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पालखीला पांच भोई आहेत. पांचही एका सांच्यांतून काढल्यासारखे सारखे. आंत बसलेला अधिकारी मात्र एकच. भोयांना शास्त्रज्ञ ‘बी’ म्हणतात आणि अधिकाऱ्यास ‘ए’ म्हणतात. प्रत्येक ‘बी’ हा १०३ अमिनो आम्लांचा असून, पांच ‘बी’ एकमेकांस बिलगून वर्तुळ करून उभे असतात. त्या वर्तुळाच्या मध्यभागीं एक भोंक राहतें. ‘ए’ ची माळ २४० अमिनो आम्लांची असते. ती एका ठिकाणीं कापली जाऊन तिचे दोन तुकडे होतात, पण गंधकाच्या दोन अणूंचा एक सांधा त्यांना एकत्र धरून ठेवतो. मोठा तुकडा, म्हणजे ‘ए-१’, हा खरा घातक. लहान तुकडा, म्हणजे ‘ए-२’, हा एखाद्या दांड्यासारखा लांब असून त्याचें शेंपूट वर्तुळाच्या भोंकांतून खालीं गेलेलें असतें. त्याच्या योगानें ‘ए-१’ हा पांच भोयांच्या वर पक्का बसतो. हा सगळा डोलारा हायड्रोजनच्या अणूच्या सुमारें ८५,००० पट वजनाचा, आणि तरीही मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून लहान असतो.

या घडणींत कामाची वांटणी स्पष्ट आहे. भोई नुसते वाहून नेतात; त्यांच्यांत घात करण्याची शक्ति नाहीं. अधिकारी घात करतो, पण त्याला स्वतःच्या पायांनीं चालतां येत नाहीं. नुसते भोई निरुपद्रवी. नुसता अधिकारी पांगळा. दोघे एकत्र आले कीं अनर्थ ओढवतो.

आतां ही पालखी घरांत कशी शिरते तें पाहिलें पाहिजे. मनुष्याच्या आंतड्यांतील पेशींच्या पृष्ठभागावर ‘जी-एम्-१’ नांवाचा एक पदार्थ असतो. त्याचा स्निग्ध पाय पेशीच्या पडद्यांत रुतलेला असतो आणि शर्करेचें डोकें बाहेर असतें. प्रत्येक भोयाच्या अंगीं एक खांच आहे. तींत हें शर्करेचें डोकें नेमकें बसतें. एका हाताची पकड एखादे वेळीं सुटेल, पण येथें पांच हातांनीं एकदम धरलेलें असतें. त्यामुळें सुटण्याची आशाच नको. अशी चिकटलेली पालखी पेशी स्वतःच आपल्या पडद्याच्या घडींत लपेटून आंत घेते.

पेशीच्या आंत एक कारखाना असतो. त्यांतील एका दालनांत प्रथिनें दुमडून तयार होतात. तेथून तीं दुसऱ्या दालनांत जाऊन त्यांची बांधाबांध होते, आणि शेवटीं तीं बाहेर रवाना होतात. विषाची पालखी ही वाट उलट्या दिशेनें चालते. बाहेरून बांधाबांधीच्या बाजूस, आणि तेथून अगदीं आंतल्या दालनापर्यंत. ही उलट यात्रा कशी साधते? आंतल्या दालनांत राहणाऱ्या प्रथिनांच्या शेवटीं चार अमिनो आम्लांची एक खूण असते. असें प्रथिन चुकून बाहेर आलें तर ती खूण पाहून पेशी त्याला घरीं पोहोंचवते. पटकीच्या विषाच्या ‘ए-२’ या तुकड्याच्या शेंपटाला नेमकी तशीच खूण आहे! खोटा पत्ता लिहिलेलें पाकीट टपालखात्यानें प्रामाणिकपणें पोंचतें करावें, तसें पेशी हें विष आंतल्या दालनांत नेऊन ठेवते.

तेथें पेशीच्याच हस्तकांकडून गंधकाचा सांधा सुटतो, आणि ‘ए-१’ पालखींतून उतरतो. पांचही भोई तेथेंच राहतात. आतां अधिकाऱ्यास दालनाची भिंत ओलांडून पेशीच्या मुख्य द्रवांत जावयाचें असतें. या दालनाचा असा रिवाज आहे कीं, नीट न दुमडलेलें प्रथिन आढळल्यास तें उलगडून एका मोरीवाटें बाहेर टाकावयाचें, म्हणजे बाहेर त्याचे तुकडे करतां येतात. ‘ए-१’ हा उलगडला जाऊन या टाकाऊ मालाच्या रांगेंत मिसळतो आणि त्या मोरीनें बाहेर पडतो. बाहेर येतांच तो पुन्हां दुमडून पूर्ववत् होतो. तुकडे करणारें यंत्र ज्या एका अमिनो आम्लावर चिठ्ठी लावून आपलें भक्ष्य ओळखतें, तें अमिनो आम्ल त्याच्या अंगीं फारच थोडें असल्यामुळें तो त्या यंत्राच्या तावडींतून निसटतो. या सर्व प्रवासांत त्यानें एकही भिंत फोडलेली नाहीं. प्रत्येक दार पेशीनेंच त्याला उघडून दिलेलें आहे.

एवढा खटाटोप करून आंत गेलेला हा तुकडा करतो काय? येथें आंतड्याच्या पेशीचा एक नित्यक्रम समजून घेतला पाहिजे. मनुष्य जें पितो आणि त्याच्या पोटांत जे पाचक रस सुटतात, तें सर्व मिळून दिवसाला सुमारें ८ ते ९ लिटर पाणी लहान आंतड्यांतून जातें. त्यांतील बहुतेक सगळें शरीर परत शोषून घेतें. शोषणाबरोबरच थोडें पाणी आंतड्यांत सोडण्याचेंही काम चालू असतें. हें सोडण्याचें दार उघडावें कीं मिटावें, याचा हुकूम पोंचविणारें एक प्रथिन पेशींत असतें. त्याला ‘जी’ प्रथिन म्हणतात. शेतीच्या पाटावर पाटकरी असतो तसें त्याचें काम. हुकूम आला कीं तो दार उघडतो. आणि त्याची खुबी ही कीं, थोड्या वेळानें कोणी न सांगतां तें स्वतःच मिटतो.

‘ए-१’ हा नेमका या पाटकऱ्यास गांठतो. पेशींत सर्वत्र असणारा एन्. ए. डी. नांवाचा एक पदार्थ आहे. तो मोडून त्याचा एक भाग हें विष ‘जी’ प्रथिनाच्या एका ठराविक अमिनो आम्लाला चिकटवतें. एवढीच त्याची करणी. पण जेथें हा भाग चिकटतो तेंच मिटण्याचें मर्मस्थान असल्यामुळें पाटकऱ्याचे हात दार उघडें असतांनाच बांधल्यासारखे होतात. मग त्याच्या हुकमतींतील एन्झाइम अखंड चालूं लागतें आणि ‘चक्रीय ए. एम्. पी.’ नांवाचा निरोप्या पदार्थ पेशींत उदंड सांचतो. त्या निरोपानें पेशीच्या आंतड्याकडील पडद्यांतल्या क्लोराइडच्या वाटा सताड उघडतात. क्लोराइड बाहेर पडतें. त्याच्या मागोमाग सोडियम, आणि दोहोंच्या मागें पाणी. त्याच वेळीं मीठ शोषून घेण्याची एक नेहमींची वाटही बंद पडते. शिवाय ‘ए-१’ हा स्वतः न झिजतां एकामागून एक पाटकरी बांधीत जातो; त्यामुळें विषाचे थोडे रेणुही पेशीला पुरून उरतात. तीव्र पटकींत तासाला १ लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जातें. रक्त दाट होतें, नाडी क्षीण होते, मूत्र बंद होतें, आणि आंतड्याला जखम झालेली नसतांनाही मनुष्य तहानेनें मरतो.

‘जखम झालेली नसतांनाही’ या शब्दांवर लक्ष ठेवावें. कारण येथूनच या गोष्टीला दुसरें वळण लागतें. पुष्कळ काळ अशी समजूत होती कीं, पटकींत आंतड्याचें अस्तर सोलून निघतें. मेलेल्या रोग्यांचीं आंतडीं पाहून ती समजूत झाली होती. पण तो फरक मरणानंतरच्या कुजण्याचा होता. बँकॉक येथील साथींत अमेरिकन डॉक्टरांनीं जिवंत रोग्यांच्या आंतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले, आणि १९६० सालीं जाहीर केलें कीं, अस्तर शाबूत असतें. म्हणजे या विषानें घर पाडलेलें नसतें. एक दार उघडें अडकवून ठेवलेलें असतें, एवढेंच.

त्याच वर्षीं रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनीं प्राग येथील सभेंत असा सिद्धांत मांडला कीं, आंतड्याच्या पेशीला एक स्वतंत्र दार आहे, आणि त्यांतून ग्लुकोज व सोडियम हीं हातांत हात घालून आंत शिरतात. नुसतें मीठ या दारानें जात नाहीं, नुसती साखरही जात नाहीं. दोहोंची जोडी असली तरच दार उघडतें. आणि सोडियम आंत गेलें कीं पाणी त्याच्या मागें जातेंच. पुढें असें दिसून आलें कीं, पटकीच्या विषाचा या दारावर कांहीं अंमल चालत नाहीं! एका दारानें पाणी वाहून जात असतां दुसऱ्या दारानें तें परत भरतां येतें. पूर्वीं रोग्याला नुसतें पाणी पाजून गुण येत नसे, याचें कारण हें दार कोणास ठाऊक नव्हतें.

ढाका आणि कलकत्ता येथील रुग्णालयांत १९६० नंतरच्या दशकांत या ज्ञानाची परीक्षा झाली. खरी कसोटी मात्र १९७१ सालीं लागली. बांगला देशाच्या मुक्तियुद्धांत लक्षावधि निर्वासित सरहद्द ओलांडून पश्चिम बंगालमध्यें आले, आणि बनगांवच्या छावणींत पटकीनें थैमान घातलें. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस यांनीं मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपांतील पाण्यांत त्या विरघळविल्या, आणि तें पाणी पाजण्याचें काम रोग्यांच्या आप्तेष्टांच्या हातीं सोंपविलें. आई मुलाला, भाऊ भावाला पेल्यापेल्यानें पाजूं लागला. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूंचें प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत शेंकडा ४ च्या आंत आलें. महालनवीस २०२२ सालीं वारले. पुढील वर्षीं भारत सरकारनें त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलें.

पाणी पाजीत राहण्यानें रोग बरा कसा होतो, अशी शंका एखाद्यास येईल. बांधलेले पाटकरी तर सुटत नाहींत! याचें उत्तर निसर्गानें आधींच देऊन ठेवलें आहे. आंतड्याच्या अस्तरांतील पेशी फार अल्पायुषी असतात. चार-पांच दिवसांत जुन्या गळून नव्या येतात. विषानें बांधलेल्या पेशी अशा आपोआप निघून जातात. तेवढे दिवस शरीरांतील पाणी कायम ठेवलें कीं रोगी उठून बसतो. औषधानें जंतूंचा नाश केल्यास ती मुदत आणखी कमी होते, हें खरें. पण प्राण वांचवितें तें मीठसाखरेचें पाणी, आणि रोगी अगदींच खालावला असेल तर शिरेंतून दिलेलें सलाइन.

एक प्रश्न शिल्लक राहतो. या जंतूला असलें विष करण्याचें प्रयोजन काय? मनुष्याला मारण्यांत त्याचा कांहींच लाभ नाहीं. पण जुलाबाच्या लोंढ्याबरोबर कोट्यवधि जंतु बाहेर पडून पुन्हां पाण्यांत मिसळतात आणि नव्या आंतड्यांकडे जाण्याची त्यांची सोय होते, हा लाभ उघड आहे. त्याहून नवल असें कीं, ही विद्या जंतूची स्वतःची नव्हेच. नदीमुखांत आणि खाडींत या जातीचे पुष्कळ जंतु निरुपद्रवी असतात. अमेरिकेंतील मॅथ्यू वाल्डॉर व जॉन मेकालानोस यांनीं १९९६ सालीं दाखवून दिलें कीं, या विषाचा आराखडा एका विषाणूबरोबर येतो. तो विषाणु जंतूच्या शरीरांत शिरून त्याच्या आनुवंशिक द्रव्यांत कायमचा मुक्काम करतो, आणि साधा पाणजंतु पटकीचा जंतु बनतो.

विषाची घडण कळल्यानें आणखीही फळें मिळालीं. नुसते भोई निरुपद्रवी, पण शरीर त्यांना ओळखून त्यांच्याविरुद्ध तयारी करतें. म्हणून ‘बी’ भाग घालून तोंडावाटें घ्यावयाची एक लस स्वीडनमध्यें तयार झाली. ‘जी’ प्रथिनांचें काम उकलण्यासही या विषाचा हत्यारासारखा उपयोग झाला. त्या प्रथिनांच्या शोधाबद्दल आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यांनीं या सगळ्याचें दार प्रथम उघडलें, त्या शंभुनाथ डे यांच्या वांट्याला मात्र स्वदेशांत हयातींत मोठा मान आला नाहीं. नोबेल-विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनीं त्यांचें नांव त्या पारितोषिकासाठीं सुचविलें होतें. १९७८ सालीं स्टॉकहोम येथें पटकीवर भरलेल्या नोबेल परिषदेचें त्यांना निमंत्रण आलें. १९८५ सालीं ते निवर्तले. सशाचें आंतडें, दोऱ्याचे दोन तुकडे आणि एक गाळणी, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं जें केलें तें संपन्न प्रयोगशाळांना पाऊणशें वर्षें साधलें नव्हतें. योग्य ठिकाणीं योग्य प्रश्न विचारण्याचें मोल यावरून कळावें.

पटकी अजून जगांतून गेलेली नाहीं. दर वर्षीं १३ ते ४० लाख माणसांना ती होते आणि २१ हजारांपासून १ लाख ४३ हजारांपर्यंत माणसें तिनें दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जेथें पिण्याच्या पाण्यांत मैला मिसळतो तेथें ती आहे. तिला कायमची घालवावयाची तर स्वच्छ पाणी आणि बंद गटारें हाच खरा उपाय. पण घरांत कोणास जुलाब सुरू झाले तर काय करावें, हें प्रत्येक गृहिणीस पाठ असलें पाहिजे. औषधांच्या दुकानीं तयार पुड्या मिळतात, त्या उत्तम. त्या हाताशीं नसल्यास उकळून निवविलेल्या १ लिटर पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. मीठ याहून अधिक पडूं देऊं नये. हें पाणी ताबडतोब, थोडें थोडें पण सतत पाजावें. वांती झाली तरी थोडा वेळ थांबून पुन्हां पाजावें. आणि जुलाब पाण्यासारखे व जोराचे असतील तर पाजीत पाजीतच रोग्यास रुग्णालयांत न्यावें. ‘जुलाब होत आहेत, पाणी देऊं नका’ असा सल्ला जुन्या घरांतून अजूनही ऐकूं येतो. त्या सल्ल्यानें विषाचेंच काम सोपें होतें. त्यानें अडकवून ठेवलेलें दार लगेच मिटवितां येत नाहीं. परंतु दुसरें दार उघडें आहे, आणि त्याची किल्ली प्रत्येक स्वयंपाकघरांत मिठाच्या बरणीशेजारीं साखरेच्या डब्यांत ठेवलेली आहे.